दहाव्या भागावर ठेवलेलं नाव

एक गंभीर निवेदन करायचं आहे, तेव्हा हातातलं काम क्षणभर बाजूला ठेवा. मी, नंदा, वय वर्षे बावन्न, राहणार महाड, धंदा ब्लाउज, फॉल-पिको आणि शाळेचे गणवेश, पूर्ण शुद्धीत असं जाहीर करते की जपानी लोकांनी काढलेल्या राक्षस, तलवारी आणि जादूच्या अ‍ॅनिमे मालिकांबद्दल मला मतं आहेत, ती ठाम आहेत, आणि त्यांच्यामुळेच माझ्या सख्ख्या भाचीचं नाव रिवेना पडलेलं आहे.

नाव कसं पडलं ते सांगण्याआधी मतं सांगणं भाग आहे. (उड्या मारून पुढे जायचं नाही. माझ्या घरातले सगळे तेच करतात.)

या नादाला मला लावलं माझ्या मुलाने. ओंकार पुण्याला शिकायला गेला आणि जाताना त्याचं मालिकांचं अ‍ॅप माझ्या फोनवर तसंच राहिलं. दुकानात दिवसभर मशीनची खडखड, रेडिओ ऐकून कान किटलेले. एके दुपारी फोन बॉबिनच्या डब्याला टेकवला आणि हिंदीत बोलणारी एक मालिका लावली. पहिल्या चार मिनिटांत एक सरळमार्गी कारकून रस्ता ओलांडताना ट्रकखाली गेला. हायवेच्या गावात राहणाऱ्या बाईला यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. पण त्याने मेल्यावर डोळे उघडले, तर तो एका खेळाच्या दुनियेत! डोक्यावर निळी पाटी तरंगतेय आणि तिच्यावर त्याची ताकद, चपळाई, अक्कल, सगळं आकड्यांत लिहिलेलं.

माझ्या हातातली बाही तशीच राहिली. माणसांच्या डोक्यावर अशी पाटी असती तर लग्न ठरवताना केवढी सोय झाली असती. त्या दिवसापासून मी गिऱ्हाइकांच्या पाट्या मनातल्या मनात वाचायला लागले. "उद्याच पाहिजे हं" म्हणणाऱ्या बाईंच्या पाटीवर घाई नव्याण्णव, कापड आणून देण्याची तयारी शून्य. आमच्या ह्यांची पाटी तर मला पाठ आहे. सहनशक्ती नव्वद, ऐकण्याची शक्ती चार.

तर मतं. या मालिकांमध्ये साहसवीरांची एक कचेरी असते. काउंटरवरची मुलगी काचेच्या गोळ्यावर हात ठेवायला सांगते आणि दोन मिनिटांत ओळखपत्र देते. झेरॉक्स नाही, दोन फोटो नाहीत, साहेब जेवायला गेलेले नाहीत. ड्रॅगनवर माझा विश्वास बसतो, या कचेरीवर बसत नाही.

दुसरं म्हणजे, पहिल्याच दिवशी सर्वशक्तिमान होणारा नायक मला चालत नाही. मला नीट काज करायला शिकायला आठ महिने लागले. आणि हा कालचा पोरगा हात वर करतो आणि डोंगर फुटतो? मग पुढचे अकरा भाग मी काय बघायचं, डोंगराची भरपाई? नायकाने आधी दोन भाग तरी मार खाल्ला पाहिजे.

आणि कपडे. यावर मी बोलायला लागले की ओंकार फोन ठेवून देतो. चिलखत घालायचं आणि पोट उघडं ठेवायचं, हे कुठल्या शिंप्याने सुचवलं? राक्षसाला काय सांगायचं, की बाबा, पोट सोडून कुठेही मार? धनुष्य चालवणारीच्या बाह्या कोपरापासून खाली दोन हात लोंबतात. एकदा दोरी ओढली की बाही बाणासकट शत्रूच्या गोटात.

अशा शंभरेक मालिका पाहून झाल्यावर मला स्वतःबद्दल एक गैरसमज झाला. मी सांगू लागले, की कुठलीही मालिका मी तीन भागांत ओळखते. कोण दगा देणार, कोण मरणार, कोण कुणाशी लग्न करणार, सगळं. ओंकारच्या मित्रांमध्ये माझा दबदबा होता. पोरं पुण्याहून फोन करून विचारायची, "काकू, ही बघू का?" आणि मी तोंडात टाचण्या धरून निकाल द्यायचे.

आणि मग ती पिशवीवाली मालिका आली. तिचं खरं नाव 'मेल्यावर मी खेळाच्या दुनियेत जागा झालो, पण माझ्या वाट्याला फक्त औषधांची पिशवी आली' असं आहे. (या लोकांना छोटी नावं ठेवता येत नाहीत. नावातच अर्धी गोष्ट सांगून टाकतात.) दर रविवारी दुपारी एक भाग, असे एकूण बारा. नायक आणि त्याचे तीन साथीदार (त्यांतला एक वामनमूर्ती लोहार) महाअसुराला शोधत फिरतात. महाअसुराचा चेहरा कुणीच पाहिलेला नाही. आणि या टोळीत जखमा बऱ्या करणारी एक लांब कानांची वनकन्या आहे. वय आठशे, दिसायला बावीस. तिचं नाव रिवेना.

मी रिवेनावर जीव टाकला. बाकीचे तिघे तलवारी नाचवत पुढे जायचे, आपटून यायचे, आणि ही मुकाट्याने एकेकाला सांधायची. कुरकुर नाही, तोरा नाही. लांब बाह्यांचा पण मनगटाला चुण्या घालून नीट बसवलेला झगा. कॉलरवर तिची खूण, हिरवं पान आणि पानाच्या मधोमध एक डोळा. मालिकेतला एकमेव नीट शिवलेला कपडा होता तो. मी ओंकारला ठणकावून सांगितलं, "या संपूर्ण दुनियेत सरळ बाई एकच आहे."

"आई, नेटवर काही लोकांची वेगळी थिअरी आहे," तो म्हणाला.

"त्या लोकांना शिवणकाम येतं का?"

"त्याचा काय संबंध?"

"मग गप्प बस."

आता भावाकडे येते. प्रकाश माझ्याहून बारा वर्षांनी लहान. पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या वाटेला आमची वाडी आहे, तिथे राहतो आणि मोटरसायकलने महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीला जातो. त्याला आणि स्नेहलला नऊ वर्षांनी मूल झालं. नऊ वर्षांत किती डॉक्टर झाले, किती नवस झाले आणि वाडीतल्या बायकांनी स्नेहलला किती सल्ले दिले, ते सांगत बसले तर विनोदी लेखन व्हायचं नाही. मुलगी झाली आणि प्रकाशचा फोन आला तेव्हा तो नुसता, "ताई... ताई..." एवढंच म्हणत होता. मी घाबरून तिथेच बसले. दहा मिनिटांनी त्याला "मुलगी" हा शब्द सापडला.

स्नेहलचं माहेर मुंबईला एका खोलीत, म्हणून बाळंतपण इकडेच झालं. आणि आमच्या वाडीत बाळाचं नाव आत्याच ठेवते. नुसतं उपचारापुरतं नाही, खरोखर ठेवते. आई-बापाला बारशाच्या दिवशीच कळतं. आत्या कानात सांगते, ते नाव. त्यात बदल नाही, दुरुस्ती नाही. माझं स्वतःचं नाव असंच पडलं आणि माझ्या आत्याने ते ठेवताना फार विचार केला असं वाटत नाही.

स्नेहलने फक्त एकदा विचारलं. फोनवर, हळूच. "ताई, नाव तुम्हीच ठेवायचं. पण... चांगलं ठेवाल ना? नऊ वर्षं वाट बघितलीय."

"स्नेहल," मी म्हटलं, "असं ठेवीन की आख्ख्या तालुक्यात दुसरं नसेल."

हे मात्र मी शब्दशः खरं करून दाखवलं.

राशीचं अक्षर निघालं र. आता तुम्हीच सांगा, याला मी योगायोग समजू की संकेत? मी कामाला लागले. आत्याकडून कुंची, झबली आणि दुपटं जातं, ते सगळं घरचं. मऊ मलमल आणली, सात झबली शिवली, आणि प्रत्येकावर हिरव्या रेशमाने रिवेनाची खूण भरली. पान, आणि पानाच्या मधोमध डोळा. कुंचीवर एक मोठी, दुपट्याच्या चार कोपऱ्यांत चार. एकूण बारा डोळे.

ओंकारला फोटो पाठवला. त्याचा उलट फोन आला. "आई, अजून दोन भाग यायचेत. दोन आठवडे थांबता येणार नाही का?"

"बारसं बाराव्या दिवशी असतं. जपानला विचारून ठरवत नाहीत."

बारशाच्या सकाळी दहावा भाग येऊन आठवडा झाला होता आणि अकरावा दुपारी यायचा होता. मी दहा भागांच्या बळावर वाडीवर पोचले. पाळणा सजलेला, घुगऱ्यांची पातेली भरलेली, ओटीवर बायका. मी पाळण्यावर वाकले, कुर्र केलं आणि बाळाच्या कानात नाव सांगितलं. मागून रिवाजाप्रमाणे पाठीत धपाटे पडले. त्यातले काही रिवाजापेक्षा जोरात होते.

"काय ठेवलंस गो?" काशीकाकूंनी विचारलं. या आमच्या चुलत्या, वय ऐंशीच्या आसपास, शेजारच्याच घरात राहतात. वाडीतलं प्रत्येक नाव त्यांच्या पसंतीतून गेलेलं.

"रिवेना."

ओटीवर एकीने घुगऱ्यांचा घास तोंडातच थांबवला.

मी तयारीने गेले होते. "रेवा म्हणजे नर्मदा," मी गंभीरपणे म्हटलं, "आणि वर महाबळेश्वरात वेण्णा. दोन नद्यांचा संगम."

"त्या दोघी कुठं भेटतात?" प्रकाशने विचारलं. भूगोल त्याला शाळेतही कधी आला नव्हता, नेमका त्या दिवशी आला.

"नावात भेटतात."

"मंग सावित्री का नाय?" काकू म्हणाल्या. "आपल्या दारातली नदी. इतक्या लांब पानी आनाया कशाला गेलीस?" पण मग त्यांनी झबल्यावरचा डोळा बोटाने चाचपून पाहिला. "डोळा बरा काढलास. नजर लागनार नाय पोरीला."

स्नेहल बाळाकडे बघून दोन-तीनदा पुटपुटली, "रिवेना. रिवू." आणि हसली. मग मी तिला खोलीत नेऊन खरं सांगितलं. एका मालिकेतली आहे, सगळ्यांना बरं करते, फार गुणाची आहे. "बघच तू," मी म्हटलं. हे दोन शब्द मी का उच्चारले, याचा मी अजून शोध घेते आहे.

अकराव्या भागात तसं काही झालं नाही. सगळे जखमी झाले, रिवेनाने सांधले. मी निर्धास्त.

पुढच्या रविवारी बारावा आला. मी एका शिक्षिकेबाईंच्या ब्लाउजला बाही लावत होते. नायक महाअसुराच्या सिंहासनासमोर पोचतो. सिंहासन रिकामं असतं. तो वळून विचारतो, "कुठे आहे तो?" आणि मागे उभी असलेली रिवेना त्याची पिशवी खाली ठेवते, झग्याच्या चुण्या सरळ करते, शांतपणे पायऱ्या चढते आणि सिंहासनावर बसते.

मी पाय मशीनवरून उचलायला विसरले. भानावर आले तेव्हा ब्लाउजची दोन्ही टोकं मी बाहीसकट शिवून टाकली होती आणि रिवेनाने राजधानी पेटवली होती. साधी पेटवली नाही. राजवाडा, किल्ला, बाजारपेठ आणि ती साहसवीरांची कचेरी. चारही बाजूंनी असुरांची फौज चालून येत होती आणि प्रत्येक काळ्या झेंड्यावर हिरवं पान होतं, आणि पानाच्या मधोमध डोळा.

तेवढ्यात फोन वाजला. स्नेहल.

"ताई, तुमची ती मालिका चालू केली हो आम्ही! आडवं पडून पडून कंटाळा येतो ना. काकू पण येऊन बसतात. दोन भाग झाले. रिवेना किती गोड आहे."

"स्नेहल," मी म्हटलं, "पुढे बिघडली ती."

"कोण, रिवेना?"

"मालिका. मालिका बिघडली. फार रटाळ. दोनच भाग चांगले आहेत, ते तू पाहिलेस. आता बंद कर."

"छे, आम्हाला तर आवडते. काकूंना त्या वामनमूर्ती लोहाराची काळजी लागलीय."

त्या दिवसापासून माझे आठ दिवस कसे गेले ते एक मी जाणे आणि एक ती मशीन. प्रकाशही ओंकारचंच अ‍ॅप वापरत होता, म्हणून आधी मी त्याचा पासवर्ड बदलला. अर्ध्या तासात ओंकारचा पुण्याहून फोन, "आई, माझं का बंद केलंस?" त्याला पूर्ववत करून दिलं, तर कळलं की त्याचा काही उपयोगच नव्हता. वाडीवर फोन लागतो पण नेट चालत नाही, म्हणून प्रकाशने पाळीवरून परतताना पोलादपूरच्या स्टँडवर उभं राहून सगळे बारा भाग फोनमध्ये उतरवून नेले होते. नऊ वर्षांनी मूल झालेला माणूस बायकोसाठी काय करील याचा नेम नसतो.

रोज संध्याकाळी बातमी यायची. "ताई, चार झाले." "ताई, सहा." एखाद्या नदीची पातळी सांगावी तशी. मी रोज ठरवायचे, आज सांगायचं. आणि स्नेहल फोनवर, "रिवूला आज पहिल्यांदा झोपेत हसू आलं," असं काहीतरी म्हणायची आणि मी दुसराच विषय काढायचे. नाव बदलता येत नाही. आणि नऊ वर्षं वाट बघून झालेल्या पोरीला मी राजधानी जाळणाऱ्या बाईचं नाव दिलं, हे त्या पोरीच्या आईला कुठल्या तोंडाने सांगू? आमच्या ह्यांना विचारलं. त्यांनी पेपर खाली न घेता "हं" म्हटलं. ऐकण्याची शक्ती चार, हे मी उगाच लिहिलेलं नाही.

नवव्या भागाची बातमी आली आणि मी ठरवलं. शेवटचा भाग पोचायच्या आत स्वतः जाऊन सांगायचं. रविवारी सकाळची एसटी धरली, पोलादपूरला प्रकाश मोटरसायकल घेऊन आला होता. वाटेभर मी मनात भाषण जुळवत होते. "स्नेहल, माणसाकडून चूक होते..." हे फार निबंधासारखं वाटत होतं. "स्नेहल, नावात काय आहे..." हे त्याहून वाईट.

घरात पाऊल टाकलं तर खोलीत सतरंजी अंथरलेली. पिठाच्या डब्याला फोन टेकवून ठेवलेला. काशीकाकू पुढच्या रांगेत पाय पसरून, शेजारच्या दोघी मागे, आणि मधोमध स्नेहल, मांडीवर रिवू. अंगात माझं झबलं.

"या ताई," स्नेहल म्हणाली. "काल रात्रीच अकरावा संपला. म्हटलं, शेवटचा ताईंशिवाय बघायचा नाही. तुमच्यासाठीच थांबलोय."

"बाळाच्या डोळ्यांना त्रास होईल," मी म्हटलं.

"ती झोपलीय."

"आधी जेवून घेऊ या."

"बस गो खाली," काकू म्हणाल्या. "त्या लोहाराचा काय झाला ते बगायचा हाय मला."

मी बसले. दुसरं काय करणार? प्रकाश दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. भाग सुरू झाला.

काकूंची टीका सतत चालू होती. "ही मानसं नुसती फिरतात. ह्यांची शेती कोन करतो?" मग थोड्या वेळाने, "येवढी मोठी तलवार, लाकडं तरी फोडा." मी प्रत्येक वेळी मोठ्याने हसत होते, म्हणजे फोनमधला आवाज झाकला जाईल. स्नेहलने एकदा वळून बघितलं. मी हसायचं थांबवलं.

नायक सिंहासनासमोर पोचला. सिंहासन रिकामं. तो वळला. मी डोळे मिटून घेतले.

"अगो बाय," मागच्या दोघींपैकी एक म्हणाली.

डोळे उघडले तेव्हा राजवाडा पेटला होता. झेंडे येत होते. काकू पुढे वाकल्या, झेंडा पाहिला, मग मागे वळून रिवूच्या छातीवरचं झबलं पाहिलं, मग परत झेंडा.

"ह्यो आपल्या पोरीचा डोळा गो."

फोनमध्ये कचेरी जळत होती. मला राहवलं नाही. "स्नेहल, मला माफ कर," मी म्हटलं, आणि वाटेत जुळवलेलं भाषण पार विसरून एका दमात सगळं सांगितलं. दोन भाग बाकी असताना नाव ठेवलं, ओंकार नको म्हणत होता, आठ दिवस मला माहीत होतं, पासवर्ड मीच बदलला, नाव बदलता येत नसेल तर हाक मारायला दुसरं ठेवू, सातही झबली मी आज उसवून देते.

स्नेहलने शांतपणे भाग थांबवला. "ताई, तुम्हाला आठ दिवसांपूर्वी कळलं?"

"हो."

"मला चौथ्या भागातच कळलं होतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"चौथ्या भागात ते धर्मशाळेत उतरतात," स्नेहल म्हणाली. "सगळे जेवतात. रिवेना वाढते. मग पाचव्यात जंगलात रस्सा करतात, तेव्हाही तीच वाढते. सातव्यात तर मेजवानी आहे. बारा भागांत तिला एकदा तरी जेवताना दाखवलंय का?"

मी आठवून पाहिलं. शंभर मालिका पाहिलेली बाई मी. तिच्या मनगटाच्या चुण्या मोजल्या होत्या मी. तिचं ताट मी कधी शोधलंच नव्हतं.

"जी बाई रोज सगळ्यांना वाढते आणि तू जेवलीस का म्हणून एक जण विचारत नाही," स्नेहल म्हणाली, "ती एक दिवस काहीतरी करणारच. मी तर वाट बघत होते, कधी करते."

"बराच केलान," काकू म्हणाल्या. "आठशे वर्षं दम धरलान, लय झाला. मी चाळिसात पातेला फेकलाव."

मागच्या दोघी पदराआड हसल्या. एकीने विचारलं, कुणावर फेकलंत? काकूंनी सांगितलं नाही. चौकटीत उभा असलेला प्रकाश मात्र हळूच सरळ झाला आणि म्हणाला, "स्नेहल, तू जेवलीस का?"

"बघा," स्नेहल म्हणाली. "आठ दिवस हा पण बघतोय मालिका."

मी अजून सावरले नव्हते. "पण मग तुला राग नाही आला? एवढी वाट बघून झालेल्या पोरीला..."

"चौथ्या भागाच्या रात्री विचार केला मी," ती म्हणाली. "बदलायचं का म्हणून. मग म्हटलं, नको. मला नऊ वर्षं जो येईल तो बोलून गेला आणि मी सगळ्यांना चहा देत बसले. हिचं नाव असू दे असं." आणि तिने बोटाने झबल्यावरचा डोळा नीट केला. "फक्त उसवू नका हो काही. छान बसलंय गळ्याला."

एका शिवणारणीला यापेक्षा मोठी क्षमा कुणी देऊ शकत नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला मी टीकाकाराचा सूर लावला, "तरी मला वाटतं शेवट घाईत गुंडाळला. आधी थोडी चाहूल द्यायला हवी होती..."

"दिली होती," स्नेहल म्हणाली. "चौथ्या भागात."

पुढचा अर्धा तास त्या खोलीत माझ्याशिवाय सगळ्यांना मालिकेवर मतं होती. काकूंच्या मते लोहाराला वाचवायला हवं होतं, कारण तो एकटाच कामाचा होता. शेजारणीच्या मते नायकाला पिशवीसकट परत ट्रकखाली पाठवावं. प्रकाशने स्वयंपाकघरातून खरोखरच ताट वाढून आणलं आणि स्नेहलपुढे ठेवलं. मीठ विसरला होता, पण कुणी बोललं नाही.

स्नेहलने पहिला घास घेतला आणि उरलेला भाग परत चालू केला. रिवेना सिंहासनावरून उठली, हात वर केला, आणि फोनमध्ये प्रचंड गडगडाट झाला. त्याच क्षणी मांडीवरची रिवू जागी झाली. एवढंसं तोंड उघडून तिने असा काही टाहो फोडला की पिठाच्या डब्याला टेकवलेला फोन घसरून आडवा पडला आणि अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. मुठी आवळलेल्या, चेहरा लाल, छातीवर हिरवा डोळा. पडद्यावर जळणारी राजधानी बाजूला ठेवून आम्ही सगळे तिच्याकडे बघत राहिलो.

आठवडाभर मालिका बघून पोळलेला माझा भाऊ घाबरून म्हणाला, "स्नेहल, घे तिला लवकर, नाहीतर पोलादपूर जाळील ही."

काशीकाकूंनी मान वळवली, मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "पोलादपूर कशाला जाळील रे? जिनं नाव ठेवलान ती महाडात ऱ्हाते."